भावाचा गुडघा वेगळा, वडिलांचा वेगळा

तासगाव तालुक्यातून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘डॉक्टरकाका, आमची द्राक्षबाग आहे. माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा, कबड्डीपटू. दीड वर्षापूर्वी पकडीत त्याचा गुडघा पिरगळला. तेव्हापासून खेळला की सूज येते, मध्येच काहीतरी अडकतं. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या टोकाला, आतल्या बाजूला, कूर्चेत (हाडावरच्या गुळगुळीत अस्तरात) २.२ बाय १.६ सेंटिमीटरचा खड्डा दिसतो, ग्रेड ४ लिहिलंय. वडील ६६ वर्षांचे. त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेत, पाय फेंगडे झालेत, बागेत उकिडवं बसता येत नाही. गेल्या महिन्यात एका मंगल कार्यालयात शिबिर झालं. पडद्यावर उंदराच्या पाठीवर वाढवलेला माणसाचा कान दाखवला. म्हणाले, बायोमटेरियल स्कॅफोल्ड बसवलं की गुडघ्यात नवी कूर्चा उगवते, सांधा बदलायला नको, आणि दोघांचं एकदम केलंत तर सवलत. बेदाण्याचे पैसे आलेत, कमी पडले तर आई दागिने काढून द्यायला तयार आहे. वडील माळकरी आहेत. हे कशाचं बनवतात असं त्यांनी विचारलं, तर ‘सगळं नैसर्गिक आहे’ एवढंच उत्तर मिळालं. काय करू? आणि भाऊ परत खेळेल का? – एक बहीण’

पोरी, आधी एवढं कर. पैसे भरू नकोस, आणि आईचे दागिने कपाटातच राहू देत. भावाचा आणि वडिलांचा गुडघा दुखतो, एवढंच त्या दोघांत सारखं आहे. आजार दोन वेगळे आहेत. त्यावर एकच इलाज सांगून वर सवलत देणाऱ्याने एक्स-रे पाहिलेला नाही, किंवा पाहूनही तो गप्प बसला आहे.

मात्र स्कॅफोल्ड ही थाप आहे असंही समजू नकोस. हाडं जोडण्यात माझी ३५ वर्षं गेली आणि त्यातली निम्मी वर्षं मी या ना त्या प्रकारचे भराव वापरले. वस्तू खरी आहे. ती कुठे चालते आणि कुठे नाही, ते मात्र शिबिरात सांगत नाहीत, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या घराचा स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावलेलं तू पाहिलं असशील. काँक्रीट ओलं असेपर्यंत भार फळ्यांवर आणि टेकूंवर असतो, आकारही तेच देतात. लवकर काढले तर स्लॅब खचतो आणि काढलेच नाहीत तर खोली वापरता येत नाही. स्कॅफोल्ड म्हणजे शरीरातलं सेंट्रिंग. पावासारखा सच्छिद्र तुकडा खड्ड्यात बसवायचा. आपल्याच पेशी त्याच्या भोकांत शिरतात, तिथे ऊती घडवतात, आणि ती तयार होत जाते तसा तुकडा विरघळत जातो. त्या फळ्या काढायला कुणी गवंडी येत नाही, शरीरच त्या पचवतं. सगळं कसब या वेळेच्या हिशेबात आहे. लवकर विरघळला तर पोकळी उरते, आणि वर्षानुवर्षं विरघळलाच नाही तर नव्या हाडात परका खडा म्हणून बसून राहतो. भोकांचंही माप असतं. माणसाचा केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. हाडासाठी भोक निदान १०० मायक्रॉनचं हवं, ३०० च्या वर असेल तर रक्तवाहिन्यांना शिरायला सोपं जातं. शिवाय भोकं एकमेकांना जोडलेली हवीत, नाहीतर आतल्या पेशी उपाशी मरतात.

यातला सगळ्यात जुना भराव कुठला असेल? पेणच्या गणपतीचं प्लास्टर. १८९२ साली ड्रीसमान नावाच्या जर्मन डॉक्टराने क्षयाने पोखरलेल्या हाडांच्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या. तळ्यात महिनोन् महिने न विरघळणारं म्हणून आपण ज्या पीओपीच्या नावाने बोटं मोडतो, ते हाडात गेलं की काही आठवड्यांत नाहीसं होतं, कारण तिथे रक्ताचा प्रवाह त्याला सतत धुऊन नेतो. फार लवकर नाहीसं होतं हीच त्याची अडचण. कॅल्शियम सल्फेट या नावाने ते आजही वापरात आहे, आणि जंतुसंसर्ग असलेल्या पोकळीत त्यात प्रतिजैविक मिसळून भरतात. दुसऱ्या टोकाला हायड्रॉक्सीॲपटाइट. आपल्या हाडातलं खनिज त्याच जातीचं, पण भट्टीत भाजून केलेला त्याचा तुकडा वर्षानुवर्षं हलत नाही. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या दोहोंच्या मधलं, म्हणून बरेचदा ते हायड्रॉक्सीॲपटाइटमध्ये मिसळून वापरतात.

आणि एक काचेची गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९६७ साली अमेरिकेत लॅरी हेंच नावाचा काचेवर काम करणारा प्राध्यापक एका परिषदेला बसने चालला होता. शेजारी व्हिएतनाममधून परतलेला लष्करातला एक कर्नल बसला होता. त्याने विचारलं, तुम्ही लोक एवढं काय काय बनवता, मग माणसाचं शरीर स्वीकारेल असं काही का बनवत नाही? धातू आणि प्लास्टिक शरीर नाकारतं, आणि पोरांचे पाय कापावे लागतात. हेंचने सोडा, चुना, वाळू आणि थोडं फॉस्फरस यांची काच ओतली. १९६९ साली ती उंदराच्या मांडीच्या हाडात बसवली, आणि सहा आठवड्यांनी ओढली तर निघेना. हाड तिला चिकटलं होतं. तोवर शरीरात घातलेल्या वस्तूने गुपचूप पडून राहावं एवढीच अपेक्षा असायची. ही वस्तू हाडाशी बोलली. तिच्याच जातीची काच आज हाडाच्या भरावात असते आणि दातांना सणक येऊ नये म्हणून काही टूथपेस्टमध्येही असते.

आता मुद्द्याचं. हे सगळं हाडात चालतं, कारण हाड जिवंत आहे आणि त्यात रक्त खेळतं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्याने घडतो. एक प्रकारच्या पेशी जुनं हाड खातात, दुसऱ्या नवं रचतात. त्वचेवर वण राहतो, हाड मात्र हाडानेच भरून येतं. वडिलांना विचार, द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर कलम केव्हा धरतं? खुंट जिवंत असेल, रस चढत असेल तेव्हाच. वाळक्या लाकडावर कितीही उत्तम काडी बांधली तरी फुटत नाही. हाडाच्या भरावालाही आम्ही ‘बोन ग्राफ्ट’ म्हणजे कलमच म्हणतो.

हे मी पुस्तकातून नाही, चूक करून शिकलो. उमेदीच्या काळात मोटारसायकलच्या अपघातात नडगीचं हाड फुटून बाहेर आलेला एक तरुण माझ्याकडे होता. तीन महिन्यांनी हाडात चार सेंटिमीटरची फट उरली. नवे सिरॅमिकचे दाणे बाजारात आले होते, मलाही हौस होती. फट भरून टाकली. आत जंतू शिल्लक होते, आजूबाजूच्या मांसात रक्तपुरवठा बेताचा, आणि हाडाची टोकं पुरती घट्ट धरलेली नव्हती. सहा आठवड्यांनी जखमेतून ते दाणे भिजलेल्या साबुदाण्यासारखे एकेक करून बाहेर आले. शेवटी इलिझारॉव्हची कडी लावली. सायबेरियातल्या कुर्गानच्या या डॉक्टराची रीत अशी की निरोगी भागात हाड कापायचं आणि रोज १ मिलिमीटर सरकवायचं, मागच्या फटीत शरीर स्वतः हाड भरतं. त्यात स्कॅफोल्ड नाही की काही नाही. तो मुलगा चालू लागला, पण माझ्या हौसेपायी त्याचे पाच-सहा महिने वाया गेले. तेव्हापासून नवा भराव दिसला की मी आधी विचारतो: आत जंतू नाहीत ना, रक्त पोचतंय ना, हाड हलत नाही ना?

आजही हाडाच्या भरावात सगळ्यात खात्रीचं म्हणजे रोग्याचं स्वतःचं हाड, कमरेच्या कडेतून काढलेलं. त्यात सांगाडा, पेशी आणि हाड घडवायचा संदेश तिन्ही असतं. मात्र कमरेला दुसरी जखम होते, ती दुखते, आणि तिथून किती काढणार यालाही मर्यादा आहे. दुसऱ्याचं हाड हवं असेल तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी आहे. दात्यांचं हाड स्वच्छ करून, गोठवून सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून तिथे ठेवतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमाच्या प्रथिनापासून हाडाचे भराव करण्यावर काम झालं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने कॅल्शियम फॉस्फेटचे भराव तयार केले. तेव्हा हे सगळं परदेशी आणि लाखांतलंच असतं, असा समज असेल तर तो सोडून दे.

हे सगळं हाडाचं झालं. तुझ्या भावाची अडचण हाडाची नाही, कूर्चेची आहे.

गावात आपण ‘गादी झिजली’, ‘ग्रीस संपलं’ असं म्हणतो. त्यात एक घोळ आहे, तो आधी सोडवून घे. गुडघ्यात दोन वेगळ्या गोष्टींना लोक गादी म्हणतात. एक म्हणजे दोन हाडांच्या मधली चंद्रकोरीच्या आकाराची चकती, तिला डॉक्टर मेनिस्कस म्हणतात. दुसरी म्हणजे हाडाच्या टोकावरचं पांढरं, काचेसारखं गुळगुळीत अस्तर, ती कूर्चा. भावाच्या रिपोर्टमध्ये खड्डा दुसऱ्या गादीत आहे. हा थर गुडघ्यात बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटरच जाड असतो. तीन चतुर्थांशाच्या आसपास त्यात पाणीच असतं, बाकी जाळं, आणि त्या जाळ्यात अगदी तुरळक पेशी. रक्तवाहिनी एकही नाही. नसही नाही, म्हणून नुसता वरचा थर खरवडला गेला तर दुखतसुद्धा नाही. दुखतं ते खालचं हाड उघडं पडल्यावर, आणि ग्रेड ४ चा अर्थ तोच.

रक्तच नाही, म्हणजे दुरुस्तीला गवंडी येणार कुठून? लंडनच्या विल्यम हंटरने १७४३ सालीच लिहून ठेवलं की कूर्चा एकदा गेली की भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षं झाली, शरीराच्या बाबतीत ते वाक्य अजून खोटं ठरलेलं नाही. हाडात नुसतं सेंट्रिंग लावलं तर गवंडी रक्तातून आपसूक येतात. कूर्चेत सेंट्रिंग लावून ठेवलं तर ते रिकामंच राहील. तिथे गवंडी आपल्याला आणून द्यावे लागतात.

ते दोन वाटांनी आणतात. पहिली वाट खालून. दुर्बिणीतून उघड्या हाडाला टोच्याने तीन-चार मिलिमीटरवर बारीक भोकं पाडायची, मगजातलं रक्त आणि पेशी वर येतात आणि गुठळी धरते. याला मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात. स्वस्त आणि सोपं. पण जे तयार होतं ते अस्सल कूर्चा नसतं, तंतूंचं राकट डागकाम असतं. खड्डा लहान असेल, म्हणजे दोन चौरस सेंटिमीटरच्या आत, तर बऱ्यापैकी चालतं. मोठ्या खड्ड्यात काही वर्षांत उखडायला लागतं. म्हणून त्या गुठळीवर कोलॅजनचा पडदा किंवा हायलुरॉनिक आम्लाची लोकर अंथरतात, किंवा गुठळीतच कायटोसान नावाचा पदार्थ मिसळतात. पेशी सांडू नयेत आणि त्यांना धरायला काहीतरी असावं, एवढाच हेतू.

दुसरी वाट जास्त खर्चाची. गुडघ्यातल्या कमी भाराच्या जागेवरून काहीशे मिलिग्रॅम चांगली कूर्चा काढायची, प्रयोगशाळेत काही आठवडे तिच्या पेशी वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात घालायच्या. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९९४ साली अशा २३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि जगभर खळबळ उडाली. तेव्हा पेशी पाण्यासारख्या पातळ द्रवात असत आणि त्यांच्यावर हाडाच्या वरच्या सालीचं झाकण शिवावं लागे. ते गळे, किंवा जाड होऊन टोचे. मग पेशी आधीच कोलॅजनच्या पडद्यावर रुजवून तो पडदा खड्ड्याच्या मापाने कापून चिकटवायचा, ही सुधारणा आली. अमेरिकेत तिला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. भारतातही औषध महानियंत्रकांनी २०१७ साली रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून घालण्याच्या उपचाराला परवानगी दिली, आणि त्या पेशी वाढवणारी प्रयोगशाळा लोणावळ्यात आहे.

तो उंदीर राहिलाच. फोटो खरा आहे, १९९७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या व्हॅकँटींच्या गटाने तो प्रसिद्ध केला. पण तो माणसाचा कान नव्हता. कानाच्या आकाराचा विरघळणारा साचा, त्यावर वासराच्या कूर्चेच्या पेशी, आणि परकं काही नाकारता येऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर. शिवाय कानावर कुणी उभं राहत नाही. गुडघ्यावर चालताना शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो, आणि पकडीत उडी मारली तर त्याहून जास्त. पाठीवर कान वाढणं आणि गुडघ्यात कूर्चा टिकणं यांत केवढं अंतर आहे ते भावाला सांग.

आता त्याचा खड्डा. २.२ गुणिले १.६, म्हणजे साधारण साडेतीन चौरस सेंटिमीटर. एमआरआयमध्ये खड्डा बरेचदा असतो त्यापेक्षा लहान दिसतो, तेव्हा चारच धर. वय २७, एकच जागा, बाकी सांधा चांगला. माझ्या मते स्कॅफोल्ड ज्याच्यासाठी बनलंय तो रुग्ण हाच. पण कडा शाबूत असलेल्या खड्ड्यात भराव टिकतो, आणि ज्या कारणाने खड्डा पडला ते कारण तसंच राहिलं तर भरावही त्याच वाटेने जातो. म्हणून सर्जनला आधी खड्ड्याबद्दल विचारू नकोस, आजूबाजूचं विचार. पुढचं लिगामेंट, एसीएल, शाबूत आहे का? पकडीत गुडघा पिरगळला म्हणतेस, तर ते फाटलेलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ते ढिलं राहिलं तर दर वळणाला नवा भराव खरवडला जाईल. मेनिस्कस आहे की आधीच कुणी कापून टाकलाय? पाय सरळ आहे का? वडिलांचे पाय फेंगडे आहेत म्हणून मुद्दाम विचारतो, कारण ठेवण घराण्यात असते. कमरेपासून घोट्यापर्यंतचा उभ्याने काढलेला लांब एक्स-रे काढून घे. पाय बाहेर वाकलेला असेल तर सगळा भार नेमका आतल्या बाजूवर, म्हणजे खड्ड्यावरच येतो. मग आधी किंवा सोबतच हाड कापून पाय सरळ करावा लागतो. शिबिरात यातलं काही विचारलं का? विचारलं नसावं, नाहीतर तू लिहिलं असतंस.

स्कॅफोल्डशिवायही एक वाट आहे, ती जिल्ह्याच्या ठिकाणचा चांगला सर्जन करू शकतो. गुडघ्याच्या कडेच्या, भार न घेणाऱ्या भागातून हाडासकट कूर्चेच्या बारीक गुळ्या, म्हणजे खुंटीसारखे तुकडे, काढून खड्ड्यात फरशीसारख्या ठोकून बसवतात. हंगेरीच्या लास्लो हांगोडीने रूढ केलेली ही मोझेकप्लास्टी. कूर्चा अस्सल, तीही स्वतःची, आणि काम एकाच शस्त्रक्रियेत. फक्त साडेतीन-चार चौरस सेंटिमीटरला किती गुळ्या लागतील आणि तेवढ्या काढता येतील का, हे सर्जननेच ठरवायचं. तयार कृत्रिम गुळ्याही आल्या होत्या. त्यांतली एक सुरुवातीला फार गाजली आणि काही वर्षांत निकाल वाईट येऊ लागल्यावर बाजारातून गेली. आता समुद्रातल्या प्रवाळाच्या सांगाड्यापासून केलेली एक गुळी आहे. २५१ रुग्णांच्या चाचणीनंतर अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. निकाल बरे आहेत. पण मी तरी आणखी दहा वर्षांचे निकाल पाहिल्याशिवाय घरच्या माणसाला ती पुढे करणार नाही. एका दाण्यांच्या हौशीने पोळलेला माणूस आहे मी.

वडिलांचा प्रश्न मला फार आवडला. ‘सगळं नैसर्गिक आहे’ हे उत्तर नव्हे, टोलवाटोलवी आहे. कोलॅजनचे पडदे बहुतेक डुकराच्या किंवा गाईगुरांच्या ऊतीपासून करतात. अमेरिकेत मान्य झालेला पेशींचा पडदा डुकराच्या कोलॅजनचा आहे. कायटोसान येतं कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून, रेशमाचं प्रथिन कोशापासून. सिरॅमिक, काच आणि कृत्रिम बहुलक (पॉलिमर) यांत प्राण्याचं काही नसतं. माळकरी माणसाला शरीरात काय घालणार हे विचारायचा पूर्ण हक्क आहे, आणि ते संमतिपत्रात लिहून मागावं. सांगता येत नसेल तर सही करू नये.

पण वडिलांना यातलं काहीच लागणार नाही. कारण त्यांच्या गुडघ्यात खड्डा नाहीये, सगळा रस्ताच उखडलाय. दोन्ही बाजूंची कूर्चा गेली, हाडावर हाड घासतंय, पाय वाकलाय, मेनिस्कस चिरडलाय, आणि सांध्याच्या अस्तराला सूज आहे. त्या सुजेतून जी रसायनं झिरपतात ती जुनी कूर्चा खातात तशीच नवीही खातील. स्कॅफोल्ड बसवायला चांगल्या कडा लागतात, त्यांच्या गुडघ्यात त्या कुठे शोधणार? वाळक्या खुंटावरचं कलम ते हेच. काठी, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, उंच खुर्ची, आणि वजन. प्रत्येक किलो कमी केला की पावलागणिक गुडघ्यावरचा साधारण चार किलोंचा भार उतरतो, हे मोजलेलं आहे. तेवढ्याने भागत नसेल, रात्री झोप मोडत असेल, तर सांधा बदलणं हा त्यांचा सरळ आणि जुना इलाज आहे. मोठ्या नोंदींवरून केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनंतरही टिकले होते. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारने २०१७ पासून कमाल मर्यादाही घातली आहे. सरकारी योजनेतून काही बसतंय का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचार. वेळ ठरवताना द्राक्षाचा हंगाम बघा. फळछाटणीच्या तोंडावर केलं तर ते खाटेवरून मजुरांना हाका मारत बसतील आणि व्यायाम करणार नाहीत. मालाची काढणी उरकल्यावर करा.

शिबिरवाल्यांना सोडायचं का? नको, एकदा फोन कर. आधी विचार, पेशी वाढवणार कुठे आणि त्या उत्पादनाला औषध महानियंत्रकांचा परवाना आहे का, असेल तर त्याची प्रत द्या. पोटाची चरबी किंवा कमरेचा मगज काढून दोन तासांत यंत्रात फिरवून परत घालणार असतील, तर ती वाढवलेली कूर्चा नव्हे. ‘स्टेम सेल’ म्हणाले तर लक्षात ठेव, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी वापर चाचणीतच करायचा असतो. त्यानंतर एखाद-दुसऱ्या उत्पादनाला स्वतंत्र मान्यता मिळालीय, ती असेल तर कागद दाखवता येतो. ‘आमची चाचणी चालू आहे’ म्हणाले तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक माग. ती इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे आणि २००९ पासून नोंद बंधनकारक आहे. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. चाचणी म्हणायची आणि सवलतही द्यायची, असं दोन्ही जमत नाही. एवढं विचारलंस की बहुधा तेच फोन ठेवतील.

राहिला कबड्डीचा प्रश्न, जो तू शेवटी आणि एका ओळीत विचारलास. शस्त्रक्रिया कुठलीही झाली तरी पहिले सहा ते आठ आठवडे कुबड्या, पायावर पूर्ण भार नाही. गुडघा मात्र रोज हलवत राहायचा, कारण कूर्चेला रक्त नाही, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो हालचालीनेच आत-बाहेर होतो. सायकल, मग चालणं, मग हलकं धावणं. झटक्याने वळायचे खेळ नऊ महिने ते वर्षाच्या आत नाहीत. वर्षाने चढाई करता येईलही, पण मॅटवर सात जण अंगावर पडणार त्या गुडघ्याची हमी मी देणार नाही आणि दुसऱ्या कुणी दिली तर त्याच्याकडे जाऊ नकोस. पोराला तंबाखू असेल, कुठल्याही रूपात, तर ती आजच सुटायला हवी.

त्याला एकट्याला बसवून विचार की वर्षभर खेळाशिवाय राहायची तयारी आहे का. हो म्हणाला, तर एमआरआयची सीडी, नुसता रिपोर्ट नाही, आणि तो उभ्याने काढलेला लांब एक्स-रे घेऊन गुडघ्याचंच काम करणाऱ्या दोन वेगवेगळ्या सर्जनना दाखव. दोघांनी काय सांगितलं ते मला कळव.